सोनगीरहून तुरीनला, धुळेमार्गे

धुळं मागं टाकून मुंबई–आग्रा महामार्गानं शिरपूरकडं निघालं, की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. रस्त्यालगत बुटकी टेकडी, माथ्यावर किल्ल्याची पडकी तटबंदी, पायथ्याला गाव. इथूनच एक रस्ता चिमठाण्यावरून दोंडाईचा–शहाद्याकडं फुटतो, त्यामुळं बाहेरच्यांच्या तोंडी गावाचं नाव ‘सोनगीर फाटा’ असंच असतं. गाडी थांबते ती चहापुरती. पुढं नरडाणा, मग तापी, मग शिरपूर. सोनगीरला जायचं म्हणून घरून निघालेला माणूस विरळाच.

किल्ला चढायला फार दम लागत नाही. दरवाजा, ढासळलेला तट आणि एक खोल विहीर, इतकंच आता उरलंय. किल्ल्याचा संबंध फारुकी सुलतानांशी जोडतात. अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं; १७५२ च्या भालकीच्या तहानंतर हा मुलूख मराठ्यांकडं आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडं गेला. माथ्यावर उभं राहिलं की हा एवढासा डोंगर प्रत्येकाला का हवा होता, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. खाली रस्ता सरळ दिसतो, आणि त्या रस्त्यानं येणाराही दिसतो.

गावाची खरी ओळख मात्र खाली आहे. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशभर नावाजलेलं. १८८० च्या इंग्रजी गॅझेटिअरलाही या धंद्याची नोंद घ्यावीशी वाटली. हंडे, घागरी, पराती, तांबे. आज स्टीलनं आणि प्लास्टिकनं या धंद्याचं जे केलं, ते सगळीकडंच केलं. तरी मठारकाम चाललेलं ऐकायला मिळालं तर थांबावं. घागरीचं पोट खुंट्यावर फिरवत तांबट एकासारखे एक ठोके देत जातो. पत्रा ताणला जातो तसा आवाज चढत जातो, आणि कुठं घाव नीट बसला नसेल तर तिथला आवाज बद्द येतो. कारागीर डोळ्यांइतकाच कानावर चालतो. हे कानाचं शास्त्र कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. बापाजवळ बसून पोरगा ते शिकतो, आणि पोरगा दुसऱ्या नोकरीला लागला की ते तिथंच थांबतं.

कानातला ऐवज कागदावर उतरवायचा कसा, आणि उतरवलाच तर तो कागद सांभाळायचा कुणी, या प्रश्नांचा माग काढायचा तर सोनगीरहून धुळ्याला परत फिरावं लागतं. आणि धुळ्यातून, थोडं आडवळण घेऊन, इटलीला.

धुळ्याचा आजचा आराखडा कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या काळातला. खानदेश ताब्यात आल्यावर इथला कारभार त्याच्याकडं सोपवला गेला आणि त्यानं पांझरेकाठचं हे गाव मुख्य ठाणं म्हणून निवडलं. ब्रिग्ज स्वतः फारसीचा जाणकार. फरिश्त्याच्या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर त्याच्याच नावावर आहे. जुने कागद जमवण्याचा नाद या शहराला तेव्हापासूनचा, असं म्हणायला पुरावा नाही, पण म्हणावंसं वाटतं खरं. कारण पुढच्या शंभर वर्षांत धुळ्यानं या बाबतीत आपल्या आकाराला न शोभणारी मोठी कामं केली.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. वाईला सापडलेल्या पत्रांवरून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, आणि मालिका बावीस खंडांपर्यंत नेली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढण्यात ते पुढं होते. पुढं त्यांचं तिथं पटलं नाही. राजवाड्यांचं फार दिवस कुणाशीच पटत नसे. गावोगाव पायी हिंडायचं, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं उपसायची, एकवेळ जेवायचं आणि भांडायचं तर सगळ्यांशी, हा त्यांचा खाक्या. ते गेले तेव्हा मागं उरलं ते मुख्यतः कागद. धुळेकरांनी वेळ दवडला नाही. जानेवारी १९२७ मध्ये, म्हणजे दिवसकार्यं उरकली न उरकली तोच, राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. ‘संशोधक’ हे त्रैमासिक निघालं. राजवाड्यांनी अर्धवट टाकलेला मराठी धातुकोश कृ. पां. कुलकर्ण्यांनी संपादून १९३७ मध्ये याच मंडळानं छापला.

नेमक्या याच काळात, उत्तर इटलीत, मठातल्या कागदांची अशीच एक गोष्ट घडत होती.

मोंफेरातो भागातल्या बोर्गो सान मार्तिनो या लहानशा गावी सालेशियन पाद्र्यांचं एक कॉलेज होतं. इमारत डागडुजीला आली होती आणि हातात पैसा नव्हता. एका सरदार घराण्याकडून देणगी म्हणून आलेली जुन्या संगीताची बाडं तिथं धूळ खात पडली होती. ती विकावीत, असं ठरलं. १९२६ मध्ये रेक्टरनं तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला विचारणा केली: याची किंमत काय होईल? ग्रंथालयाचे संचालक लुईजी तोर्री यांनी ते काम विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवणारे आल्बेर्तो जेंतिली यांच्याकडं दिलं. पेट्या आल्या, उघडल्या. आत चौदा खंड अंतोनियो विवाल्दीचे निघाले.

विवाल्दी म्हणजे व्हेनिसचा तो लाल केसांचा पाद्री. त्याचे ‘चार ऋतू’ आज विमानतळांवर, लिफ्टमध्ये आणि फोन धरून ठेवायला सांगितल्यावरही ऐकू येतात. १९२६ मध्ये मात्र त्याचं नाव संगीताच्या इतिहासात तळटिपेएवढं होतं. १७४१ मध्ये तो व्हिएन्नात गरिबीत मेला. हयातीत छापलं गेलं तेवढं उरलं, बाकीचं कुठं गेलं कुणाला ठाऊक नव्हतं. व्हेनिसच्या सोरांत्सो नावाच्या सरदारानं ते घेतलं होतं, मग जेनोआच्या जाकोमो दुरात्सो यानं. घराण्यात वाटण्या झाल्या तशी संग्रहाचीही वाटणी झाली. भाऊबंदकीत शेत जसं मधोमध तोडतात, तसे खंड दोन वारसांत वाटले गेले.

हे जेंतिलींना कळलं ते खंडांच्या अनुक्रमांकांवरून. हाती आलेल्यांत मधले आकडे गाळलेले होते. म्हणजे दुसरी निम्मी रास कुठंतरी आहे.

पण आधी हातातली वाचवायची होती. सरकारकडं पैसे नव्हते, आणि गवगवा झाला असता तर जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी एकेक पान सुटं करून विकलं असतं. जेंतिलींनी रोबेर्तो फोआ नावाच्या एका शेअरदलालाला गाठलं. फोआंचा तान्हा मुलगा माउरो नुकताच गेला होता. १९२७ मध्ये त्यांनी सगळा संग्रह विकत घेतला आणि मुलाच्या नावानं ग्रंथालयाला दिला. मग दुसऱ्या भागाचा शोध. तो जेनोआत, दुरात्सो घराण्यातल्या एका म्हाताऱ्या आणि हेकट वारसाकडं निघाला. त्याचं मन वळवायला दोन-तीन वर्षं गेली; देतानाही ‘हे संगीत वाजवायचं नाही, छापायचं नाही’ अशी अट त्यानं घातल्याचं सांगतात. या वेळी पैसे फिलिप्पो जोर्दानो या कापड कारखानदारानं दिले. त्यांचाही मुलगा, रेन्त्सो, लहानपणीच वारला होता. १९३० मध्ये दोन्ही तुकडे तुरीनमध्ये एकत्र आले: एकूण सत्तावीस खंड, सुमारे साडेचारशे रचना. आजही त्या संग्रहांची नावं ‘माउरो फोआ’ आणि ‘रेन्त्सो जोर्दानो’ अशीच आहेत. जगातले वादक विवाल्दीचं हस्ताक्षर शोधताना दोन लहान मुलांची नावं घेतात.

पुढचा भाग कडू आहे. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारनं ज्यूविरोधी कायदे केले. जेंतिली ज्यू होते. त्यांची नोकरी गेली. सप्टेंबर १९३९ मध्ये सिएना इथं आल्फ्रेदो कासेल्लाच्या पुढाकारानं विवाल्दी सप्ताह झाला, तुरीनच्या खंडांमधलं ‘ग्लोरिया’ दोनशे वर्षांनी लोकांच्या कानावर पडलं, आणि ज्यानं ते शोधलं त्याला त्या मांडवात जागा नव्हती.

धुळे आणि तुरीन यांची सांगड ओढूनताणून घातल्यासारखी वाटेल. पण एक गोष्ट दोन्हीकडं सारखीच दिसते: कागद वाचवण्यात ज्यांचा तो धंदा नव्हता अशी माणसं पुढं होती. तिकडं शेअरदलाल आणि कापडवाला. इकडं वकील.

शंकर श्रीकृष्ण देव हे धुळ्याचे वकील. लोक त्यांना ‘समर्थभक्त’ म्हणत. पंचविशीच्या आतच, १८९३ मध्ये, त्यांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढं आयुष्यभर एकच वेड घेतलं: रामदासी मठामठांतून समर्थ रामदासांचं आणि त्यांच्या शिष्यपरंपरेचं लिखाण गोळा करायचं. परांड्याजवळच्या डोमगावच्या मठात समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत होती. तिच्यावरून देवांनी १९०५ मध्ये दासबोध छापला. मठपतींची मनधरणी करणं, पोथीची पूजा बंद पाडून ती वाचायला मागणं, नक्कल होईपर्यंत तिथंच मुक्काम ठोकणं, हे सगळं कोर्टाच्या तारखा सांभाळून करायचं. जमलेलं सगळं ठेवायला धुळ्यात श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर झालं. नावातच मंदिर आहे, पण आत देव आहेत ते कागदाचे. समर्थांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं उतरवलेलं म्हणून जपलेलं वाल्मीकि रामायण इथलं सर्वांत मानाचं हस्तलिखित.

रामायण पाहायला लोक येतात. गाण्याच्या अंगानं पाहणाऱ्यानं मात्र रामदासी परंपरेतली पदांची बाडं पाहावीत.

अशा बाडाचं पान असतं तरी कसं? कागद जाड, खळ लावून घोटलेला, कडेनं तपकिरी पडलेला. बोरूनं काढलेली अक्षरं एकाला एक चिकटून, शब्द तोडलेले नाहीत. वाचणाऱ्याला पद पाठ असणार, मग तोडायचे कशाला? चुकलं तिथं हरताळाचा पिवळा पट्टा फासून वर नवं अक्षर. पदाच्या माथ्यावर कधी रागाचं नाव, कधी तालाचं, कधी नुसतं ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या पदाची सुरुवात. आणि पहिल्या ओळीच्या शेवटी दोन दंडांमध्ये ‘ध्रु’. म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर इथं परत या. संगीताबद्दल कागद इतकंच सांगतो. राग कळतो, फिरून यायची जागा कळते. सूर कुठला, किती मात्रांचा, कुठं हेल, ते गाणाऱ्याच्या गळ्यात. लिहिणाऱ्याला ती उणीव वाटलीच नसेल. गळा आहे, तोपर्यंत कागदाला काय काम?

आता तुरीनचं पान घेऊ. आडवे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात पाच रेघा, प्रत्येक वाद्याला स्वतंत्र पट्टा. कुठलं वाद्य कुठल्या क्षणी काय वाजवणार, ते वरून खाली एका नजरेत दिसतं. विवाल्दी घाईचा माणूस. नकलाकार नक्कल करील त्याच्या आत मी नवी रचना तयार करतो, अशी बढाई त्यानं मारल्याचं शार्ल द ब्रॉस या फ्रेंच प्रवाशानं १७३९ मध्ये लिहून ठेवलंय. पानंही तशीच: दोन वाद्यं एकच वाजवणार असतील तर दुसरा पट्टा रिकामा सोडून नुसती खूण. खोडलेल्या ओळी, शेजारी कोंबलेल्या नव्या. ज्यानं विवाल्दी कधी ऐकलेला नाही, असा वादकही हे पान समोर ठेवून वाजवू शकतो. १९३९ मध्ये तेच झालं. दोनशे वर्षं कुणाच्या गळ्यात नसलेलं गाणं कागदावरून उठलं.

इतका काटेकोर कागद इटलीत तयार झाला त्यामागं भक्तीपेक्षा व्यापार जास्त होता. मिलानचा जोव्हान्नी रिकोर्दी थिएटरांत स्वरलिपींच्या नकला करणारा माणूस. १८०८ मध्ये त्यानं प्रकाशनाचा धंदा सुरू केला. दर गावचं थिएटर नवा ऑपेरा मागे. पन्नास वादकांना आपापले भाग लागत. रिकोर्दीनं ते विकण्यापेक्षा भाड्यानं द्यायला सुरुवात केली. खेळ संपला की कागद परत. १८२५ मध्ये त्यानं ला स्काला थिएटरचा संगीतसंग्रह विकत घेतला. मग रोस्सिनी, बेल्लिनी, दोनिझेत्ती आले, व्हेर्दी तर घरातलाच झाला, शेवटी पुच्चिनी. मूळ प्रत दुकानात असली तरच नकला काढता येणार आणि भाडं मिळणार, म्हणून मूळ प्रत जिवापाड जपायची. आज रिकोर्दीच्या संग्रहात सुमारे ७,८०० स्वरलिपी आहेत, सहाशेहून अधिक ऑपेरांच्या. व्हेर्दीच्या अठ्ठावीस ऑपेरांपैकी तेवीस त्याच्या हस्ताक्षरात. पुच्चिनीचे एक सोडून सगळे. शिवाय संहिता, हजारो पत्रं, पोशाखांची आणि नेपथ्याची रेखाटनं. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात कंपनीची इमारत जळाली. हस्तलिखितं आधीच हलवली होती म्हणून वाचली. कंपनीनं पुढं मालक बदलले. १९९४ मध्ये ती बेर्टेल्समान या जर्मन उद्योगानं घेतली, नंतर प्रकाशनाचा भाग विकून टाकला आणि संग्रह तेवढा स्वतःकडं ठेवला. संग्रह आता मिलानच्या ब्रेरा राजवाड्यातल्या ब्रायदेन्से ग्रंथालयात आहे.

मराठी रंगभूमीवर ज्या काळात संगीत नाटकांचा सुकाळ होता, त्या काळात इथंही कंपन्या होत्या, गावोगाव दौरे होते, तिकिटं होती. रिकोर्दी मात्र निघाला नाही. कारण साधं आहे. साथीला एक ऑर्गन किंवा सारंगी आणि तबला. पन्नास माणसांना एकाच क्षणी वेगवेगळं वाजवायचं नव्हतं. नाटकाच्या पुस्तकात पदावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या गाण्याचं नाव दिलं की नटाचं काम भागे. रामदासी बाडातली पद्धत नाटकाच्या छापील पुस्तकातही तशीच चालत आली. चाल ज्या गाण्यावरून घेतली ते गाणंच विस्मरणात गेलं, की वरची ओळ मुकी.

सूर लिहायचा प्रयत्न मराठी माणसांनी केला नाही असं नाही. भातखंडे त्यात आघाडीवर, आणि गंमत म्हणजे तेही वकील. कराचीत काही काळ वकिली केलेले. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) देशभर हिंडले, खानदानी गवयांनी लपवून ठेवलेल्या बंदिशी कधी गोडीगुलाबीनं, कधी शिष्य होऊन मिळवल्या आणि स्वरलिपीसह क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांची लिपी वेगळी, चिन्हं जास्त. दोघांच्या अनुयायांत यावरून झालेली भांडणं मराठी संगीतजगताला चांगलीच ठाऊक आहेत. उस्तादांची तक्रार दोन्ही लिपींबद्दल एकच होती: यात हाडं आहेत, मांस नाही. तक्रार खोटी नव्हती. पण हाडं तरी राहिली.

त्यांच्याही आधी, मराठी राजाच्या दरबारात, पाच रेघांचा युरोपी कागद येऊन पोचला होता. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) श्वार्त्स या मिशनऱ्याच्या देखरेखीत वाढले. त्यांनी युरोपी वाद्यं मागवली, दरबारात बँड उभा केला. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांच्या आणि ताडपत्रांच्या सोबतीनं पाश्चात्त्य संगीताची पुस्तकं आणि स्वरलिपी जमल्या. मराठी माणसाच्या घरात युरोपी स्वरलिपींचा जुना संग्रह पाहायचा असेल तर पत्ता पुण्या-मुंबईचा नाही, कावेरीकाठचा आहे.

इटलीचा म्हणावा असा नामांकित कागद मुंबईत आहे, पण तो संगीताचा नव्हे. एशियाटिक सोसायटीकडं दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं मध्ययुगीन हस्तलिखित आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं ते संस्थेला दिलं. तोच एल्फिन्स्टन, ज्याच्या हाताखाली ब्रिग्ज खानदेशात काम करत होता. मुसोलिनीनं या पोथीसाठी दहा लाख पौंड देऊ केले होते आणि सोसायटीनं नाही म्हटलं, अशी गोष्ट मुंबईत अजून सांगतात.

धुळ्याला परत येऊ. आवाज कागदावर धरून ठेवण्याचं आणखी एक मोठं काम याच शहरात, तुरुंगाच्या भिंतींआड झालं. १९३२ मध्ये विनोबा भावे धुळ्याच्या जेलमध्ये होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते गीतेवर बोलले, एकेका अध्यायावर एकेक प्रवचन, अठरा रविवार. ऐकणाऱ्यांत अमळनेरला मास्तरकी केलेले साने गुरुजी होते आणि त्यांच्या हातात पेन्सिल होती. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या वहीतून आलं. विनोबा बोलत होते त्याच वेगानं ते कसं लिहून घेतलं असेल, याचं नवल वाटतं. पुस्तकातली बोलीची लय वाचताना अजून ऐकू येते.

बोललेलं असं धरता येतं. गायलेलं निसटतं. जळगावकडं त्याचा चटका लावणारा दाखला आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर. दळता-कांडताना, शेतात त्यांना ओव्या सुचत, त्या गाऊनच सुचत. मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी त्यातल्या काही लिहून ठेवल्या. आईच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी भीतभीत वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून निघाली. शब्द वाचले. जात्यावरचा त्यांचा स्वतःचा सूर कुणी लिहिला नाही, त्या काळी कुणाला सुचलंही नसतं. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी त्यातल्या काही कवितांना चाली दिल्या, आणि आज बहिणाबाई म्हटलं की मराठी माणसाच्या कानात वाजते ती पवारांची चाल. चाल उत्तम आहे, प्रश्नच नाही. पण ती जात्यावरची नाही.

जात्यावरचा सूर धरायचं काम झालं ते पुण्याकडं. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून ओव्या लिहून घेतल्या. लाखाहून जास्त जमल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यातल्या काही हजार ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळानं हा संग्रह सगळ्यांना ऐकायला खुला केला. ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं, आणि बटण दाबलं की मागं जात्याची घरघर. रिकोर्दीच्या कागदावर जे असतं ते इथं फितीवर आहे.

मावळ-मुळशीच्या ओव्यांना हे भाग्य मिळालं. खानदेशातल्या अहिराणी लग्नगीतांना, कानबाईच्या गाण्यांना तेवढं अजून मिळायचंय. धुळ्यातल्या संग्रहांचंही तसंच. पदांच्या बाडावर रागाचं नाव आहे आणि रामदासी पदं म्हणणारे कीर्तनकार अजून हयात आहेत. पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि शेजारी एक साधा रेकॉर्डर ठेवला, तर कुठलं पद कुठल्या चालीत म्हणतात, एवढं तरी नोंदवून होईल. खर्च फारसा नाही. वेळ मात्र थोडा आहे, कारण म्हणणारे म्हातारे झालेत.

जाणाऱ्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. हस्तलिखितं पाहायची तर आधी संस्थेला कळवून, कामाचं स्वरूप सांगून जावं. तुरीनला काय किंवा धुळ्याला काय, ऐनवेळी दारात उभं राहणाऱ्याला कुणी पोथी सोडून दाखवत नाही. मोडी येत असली तर उत्तम, नाहीतर वाचणारा सोबत न्यावा. सोनगीर सकाळी उरकावं, दुपारचं ऊन खानदेशात गडावर घालवण्यासारखं नसतं. आणि पितळेचं भांडं घ्यायचं असलं, तर ते घेताना वाजवून पाहावं.